नाशिक, द्राक्षं आणि एक चंदेरी बेंड

नाशिकहून परतले तेव्हा आमच्या चंद्रपुरात मला दोनच प्रश्न विचारले गेले. काळारामाचं दर्शन झालं का, आणि द्राक्षं आणली का. दोन्हींचं उत्तर हो असं आहे. पण मी नाशकाला गेले ती रामासाठी नाही आणि द्राक्षांसाठीही नाही. मी गेले एका पाइपासाठी, आणि पाइप म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहराच पडतो. म्हणून सगळं एकदाचं लिहून टाकते. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी मिसळीपर्यंत वाचावं आणि खुशाल थांबावं.

मी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकवते. माझी धाकटी बहीण उषा लग्न होऊन नाशकात गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. तिचे यजमान दिगंबरराव सिन्नरच्या पुढे एका काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात आहेत. दोन हजार साल उलटल्यापासून नाशकात वाइनचे कारखाने निघू लागले आणि बाटल्यांना मागणी आली. काचेची भट्टी पेटती ठेवायला आधी तेल जाळायचे. मग मालकांनी कोळशापासून गॅस करायचं छोटं संयंत्र उभारलं, आणि ते दिगंबररावांच्या ताब्यात दिलं.

थंडीच्या दिवसांत एकदा उषाचा फोन आला. आवाज दबका होता, म्हणजे नवरा घरात असणार. "ताई, तू ये. पाहुणी म्हणून ये, पण डोळे उघडे ठेवून ये. यांच्यावर आळ आलाय."

आळ असा होता. गॅस टाकीतून बाहेर पडतो तिथला पाइप वर्षभरात वळणावर झिजला. झिजला म्हणून उतरवला, आणि कुणीतरी सहज त्याला लोहचुंबक लावून पाहिलं. चुंबक चिकटलं. आता भारतातल्या कोणत्याही भांड्याच्या दुकानात, कोणत्याही भंगारवाल्याकडे विचारा, चुंबक चिकटलं तर स्टेनलेस खोटं, नाही चिकटलं तर अस्सल. तास-दोन तासांत कारखानाभर झालं की दिगंबररावांनी नकली पाइप घेतला आणि पुरवठादाराशी संगनमत केलं. मालकांनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण त्यांच्यासमोर बसून घ्यायचा चहा दिगंबररावांना मिळायचा बंद झाला. तेव्हा त्यांनी काय करावं? फुटलेल्या लाउडस्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधलं, फोरमनला बरोबर घेतलं आणि भंगार बाजारात जाऊन पाइपामागून पाइप तपासला. ज्याला चुंबक अजिबात चिकटलं नाही असा, महागातला, चकचकीत पाइप चारचौघांसमोर निवडून आणला आणि बसवला. तोंडं बंद झाली.

"मग आता काय अडलंय?" मी विचारलं.

"हे झोपत नाहीत," उषा म्हणाली. "आणि का ते सांगत नाहीत."

मनमाड

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही, मनमाड सोडून. मनमाडला गाडी बराच वेळ रखडली आणि शेजारच्या रुळांवर कोळशाच्या वॅगनी उभ्या दिसल्या. चंद्रपूरच्या माणसाला कोळशाचं कौतुक नसतं. आमच्याकडे दोरीवरचे कपडे कोळशाच्या वाऱ्याचा अंदाज घेऊन काढावे लागतात. तरी परक्या स्टेशनात तो ढीग बघून माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. एका वॅगनीच्या कडेला ऊन पडलं होतं आणि कोळशात बारीक सोनेरी चकाकी दिसत होती. ती मी ओळखते. ते गंधक असतं, लोखंडाला धरून बसलेलं. आमच्या काही थरांत ते जास्त निघतं. कोळसा कुठल्या कारखान्याला चालला असेल, असा विचार आला आणि गाडी सुटली तसा गेला.

पंचवटी, मंगळवार

दिगंबरराव माणूस मोठा लाघवी. नाशिकरोडला घ्यायला स्वतः आले, माझी पिशवी माझ्या हातून काढून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हणाले, "ताई, आज तुम्हाला मिसळ."

आम्ही चंद्रपूरकर तर्रीपोह्यांवर वाढलेले. मिसळ म्हणजे काय असणार, असा माझा तोरा होता. समोर आलं ते ताटच. मटकी वेगळी, काळपट रस्सा वेगळ्या भांड्यात, दही, कांदा, पाव, शिवाय एक भाजलेला पापड आणि कडेला जिलबी. आमच्याकडे तिखटाबरोबर गोड कुणी दिलं तर त्याला आजारी समजतील. मी पापड मोडून रश्शात बुडवला आणि नाक वाहेपर्यंत खाल्लं. दिगंबररावांनी मात्र पापडाचे तुकडे करत राहण्यापलीकडे काही केलं नाही. त्यांच्या नखांच्या कडांना चंदेरी रंग लागलेला मला दिसला. घरात रंगकाम निघालं असेल, असं मी धरून चालले.

"कारखाना कधी दाखवताय?" मी विचारलं.

"दाखवू की. आधी रामकुंड तर बघा."

रामकुंड बघितलं. काळाराम बघितला. पंचवटीच्या भाजीबाजारात, मेथीच्या जुड्या आणि रिक्षांचे आरसे यांच्यामधून जाताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि मी एका पायानं फरफटत चांभार शोधला. चांभारानं पुढच्या गल्लीतला अमुक मारुती बघितला का म्हणून विचारलं. दिगंबररावांनी लगेच तोही दाखवला. मी पुन्हा कारखान्याचा विषय काढला तर म्हणाले, गुरुजी ओळखीचे आहेत, पूजा सांगू का. माणूस आपल्यापासून कारखाना देवांच्या मागे लपवतोय हे समजायला मला तेवढा वेळ पुरला. मी चिडले. पण पाहुणी होते आणि जिलबी त्यांच्या पैशाची होती.

संध्याकाळी उषा भाकरी थापताना हळूच म्हणाली, "सुट्टी घेतलीय ना यांनी? तरी पहाटे सिन्नरला जाऊन आले. तू उठायच्या आत परत." मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, "तेच तर."

सायखेडा, बुधवार

बुधवारी त्यांनी मला सायखेड्याला आपल्या मामांच्या द्राक्षबागेत नेलं. स्कूटर वाटेत पंक्चर झाली आणि आम्ही उसाच्या ट्रॅक्टरमागून चालत निघालो. गोदावरीचं पात्र तिथं रुंद होतं आणि काठापर्यंत बागा उतरतात. मांडवाखाली वाकून चालावं लागतं, डोक्यावर घड लोंबतात आणि उजेड हिरवा होऊन खाली येतो. मला खरंच फार आवडलं. आमच्याकडे जमिनीखालून काळं काढायचं, इथं मांडवावरून हिरवं तोडायचं. दोन्हीकडे माणसाची कंबर मोडतेच.

मामा खाटेवर बसून भाच्याचं कौतुक सांगत होते. "आमच्या दिगूला चोर ठरवत व्हते ओ! मंग यानं काय केलं, चुंबकच घेतला हातात. भर बाजारात! आसा पाइप आनला, आसा पाइप, की आता कोनी चकार शब्द काढत नाय. तो पाइप हाय तवर याच्याकडं बोट दाखवायची कोनाची हिंमत नाय."

दिगंबरराव द्राक्षं निवडत होते. चंदेरी नखं, हिरवे मणी. आदल्या दिवसापेक्षा रंग ताजा होता. मी विचारलं, "घरात रंगकाम कुठं चाललंय? मला तर दिसलं नाही."

त्यांनी हात पाठीमागे घेतले. "कारखान्यात थोडं चालूच असतं," म्हणाले, आणि मामांना यंदाच्या थंडीबद्दल विचारू लागले.

मला तेव्हा पहिल्यांदा शंका आली. गॅसच्या पाइपावर बाहेरून पत्र्याचं आवरण असतं आणि त्याला चंदेरी रंग देतात, हे मी वर्गात कितीदा शिकवलंय. हा रंग उष्णता सोसतो. पण खालचा पत्रा प्रमाणाबाहेर तापला की तोही तपकिरी पडतो. आणि रोज रंग द्यावा लागत असेल, तर पत्रा रोज तापतोय. म्हणजे आतला पाइप फुटत चाललाय.

परतताना, पंक्चर काढलेल्या स्कूटरवर मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "उद्या मी कारखान्यात येणार आहे. तुमच्याबरोबर, नाहीतर एस.टी.नं." त्यांनी स्कूटरचा वेग वाढवला.

सिन्नरच्या पुढे, गुरुवार

कारखान्याच्या मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. गळ्यात मफलर, खिशात वेलदोडे, माणूस दिलदार आणि अधीर. वहिनींच्या बहीण, शिवाय प्राध्यापक, म्हणून मला आधी बाटल्या दाखवल्या. भट्टीतून काचेचा केशरी गोळा साच्यात पडतो आणि हां हां म्हणता बाटली होऊन बाहेर येतो. मी लहान मुलासारखी बघत राहिले. ही भट्टी विझू द्यायची नसते. विझली तर आतली काच थिजते, विटा तडकतात आणि भट्टी नव्यानं बांधावी लागते. तिथं काम करणारा प्रत्येक जण तिच्याबद्दल तान्ह्या मुलासारखं बोलतो. तिला उपाशी ठेवायचं नाही.

"आज गॅस, उद्या यातूनच डिझेल," भाऊसाहेब म्हणाले. "कोळशाचा गॅस, गॅसचं तेल. पुस्तकात सगळं आहे, मॅडम. आपण करत नाही इतकंच."

मला हसू आलं. पुस्तकात खरंच सगळं आहे. कोळशाला अर्धपोटी ठेवायचं, म्हणजे पुरता जळू द्यायचा नाही, हवा आणि वाफ बेतानं द्यायची, की गॅस निघतो. पुढं त्याचं तेलही होतं. अवघड ते नाही. अवघड हे की असला तापलेला, गंधक आणि राख घेऊन पळणारा गॅस धरून कशात ठेवायचा. वीट लावा, वितळलेली राख विटेला खाते. पोलाद लावा, गंधक पोलादाला खातं. तेल करायचं म्हणून दाब वाढवा, मग हायड्रोजन पोलादाच्या अंगात शिरून त्याला आतून कुजवतो. जगभरचे मोठमोठे कारखाने या एका गोष्टीपायी बंद पडलेत. यातलं मी भाऊसाहेबांना थोडंसं सांगितलं. ते म्हणाले, "आपला पाइप अस्सल आहे, चिंता नाही. दिगंबररावांनी चुंबक लावून आणलाय." आणि दिगंबररावांच्या पाठीवर थाप मारली. दिगंबरराव हसले, पण ते हसू मला बघवलं नाही.

अंगणात कोळशाचा ढीग होता. मी एक ढेकूळ उचललं. तीच सोनेरी चकाकी. आमच्याकडचाच कोळसा, मनमाडपर्यंत वॅगनीतून आणि तिथून ट्रकनं आलेला.

गॅसची टाकी बाहेर उघड्यावर, तीन मजली उंच. वरून पाइप निघतो, कोपरासारखा वळतो आणि खाली राख गाळायच्या पेटीत उतरतो. त्या वळणाला तिथं बेंड म्हणतात. बेंडच्या खालीच लोखंडी जाळीचा माळा, आणि माळ्यावर एक माणूस पेटीच्या नळीवर हातोडी मारत उभा. राख अडू नये म्हणून थोड्या थोड्या वेळानं ठोकावं लागतं. ठक, ठक. अख्ख्या आवारात तो आवाज ऐकू येतो.

मी जिना चढले. आधी सडक्या अंड्यांचा वास आला, मग यायचा थांबला. वास थांबला म्हणजे गॅस गेला असं नाही, नाक बधिर झालं असंही असतं. हातोडीवाल्याचं नाव किसन. पेठकडच्या डोंगरातला, भाताची कामं आटोपली की इकडं येणारा. गळ्यात उपरणं, गालात गुळाचा खडा. आमच्या खाणींतसुद्धा पाळीला गूळ देतात, घसा धुवून निघतो म्हणून. मला तो खडा ओळखीचा वाटला.

"कसं काय, बरं आहे ना?" मी विचारलं.

"बरं हाय बाई. डोकं तेवढं लय जड ऱ्हातंय, चार-आठ दिस झालं. आज जरा जास्तच हाय. गूळ खाल्ला का बरं वाटतं."

"मग पलीकडच्या टोकाला जाऊन का उभा राहत नाहीस?"

तो हसला. "हितंच बरं. हितं सायेब सोता येत्यात." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही आणि मी पुढं विचारलंही नाही.

मी वर पाहिलं. पाइपाचं सगळं आवरण जुनाट, धुळीनं राखाडी. फक्त बेंड चकचकीत. बेंडच्या पोटाशी तळहाताएवढा भाग फुगला होता, आणि सकाळच्या रंगाला कडेनं तपकिरी झाक आली होती. माझ्या डोळ्यांसमोर ती झाक रुंदावतेय असं मला वाटलं.

"किसन, खाली चल," मी म्हटलं.

"राख तुंबंल ओ बाई. सायबाला सांगा, मंग येतो."

मी जिना कशी उतरले ते मला आठवत नाही. दिगंबरराव खालीच, झडपेच्या चाकापाशी उभे होते. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"गॅस बंद करा," मी म्हटलं.

"ताई, हळू."

"रोज पहाटे येऊन रंग देता. खरं ना?"

त्यांनी मान खाली घातली. "तेलाचा टँकर उद्या सकाळी येतोय मनमाडच्या डेपोतून. तेलाच्या टाकीत आज जेमतेम रात्रीपुरतं आहे. गॅस बंद केला आणि टँकर अडकला तर भट्टी जाईल. उद्या बंद करतो. शप्पथ."

"उद्यापर्यंत थांबायचं कारण भट्टी असेल. पण मागचे दिवस का नाही केलात?"

ते झडपेच्या चाकाकडे बघत म्हणाले, "हा पाइप फुटला असं सांगितलं की पुन्हा मीच. पहिला नकली आणला, दुसराही. त्या पाइपाशिवाय माझ्या बाजूनं बोलणारं इथं कोण आहे?"

मला त्यांची कीव आली आणि त्याच क्षणी थोबाडीत मारावीशी वाटली. मी भराभरा सांगत सुटले. "पहिला पाइप नकली नव्हता, दिगंबरराव. तो नुसतं क्रोमियम घातलेल्या पोलादाचा होता. त्या जातीच्या स्टेनलेसला चुंबक चिकटतंच. गंधकाच्या गॅससाठी तोच लागतो. वळणावर राखेनं घासला, ती त्याची रीतच आहे, वर्ष-दोन वर्षांनी बदलावाच लागतो. तुम्ही आणलात त्यात निकेल भरपूर, म्हणून चुंबक चिकटत नाही. भांड्यांना तो उत्तम. पण तापलेल्या गॅसमध्ये निकेल आणि गंधक एकत्र आले की जे तयार होतं ते पोलादाच्या कितीतरी आधी वितळतं. पाइप आतून पाझरतोय. तुमच्यावरचा आळ खोटा होता. आणि आळ धुवायला आणलेला पाइप माणसं मारील."

त्यांना सुटल्यासारखं वाटेल अशी माझी समजूत होती. ते म्हणाले, "म्हणजे चांगला पाइप मी माझ्या हातानं काढून टाकला?"

इतक्यात भाऊसाहेब तिकडून येताना दिसले. दिगंबररावांनी घाईनं माझा हात धरला. "ताई, एवढी रात्र जाऊ द्या. मी स्वतः माळ्यावर थांबतो."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. त्यांनाही वाटलं असावं. आम्ही दोघांनीही एकदमच वर बघितलं. ठक-ठक थांबली होती.

किसन कठड्याला टेकून बसला होता. हातोडी मांडीवर, मान एका बाजूला. झोपलेला वाटावा इतका शांत.

दिगंबरराव जिन्याकडे धावले. मी ओरडले, "आधी गॅस!" ते मागे वळले, दोन्ही हातांनी झडपेचं चाक धरलं आणि जिवाच्या आकांतानं फिरवलं. भाऊसाहेब "अहो काय करताय, भट्टी!" म्हणत पळत आले. दिगंबररावांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "तेलावर घ्या!" एवढंच ओरडले, उपरणं... नाही, रुमाल होता, तो तोंडाला लावला, आणि जिना चढून गेले. रुमालानं असला गॅस अडत नाही. मला ते माहीत होतं आणि सांगायला वेळ नव्हता.

ते माळ्यावर किती वेळ होते सांगता येणार नाही. मला तो संपता संपेना. मग ते किसनला काखेत धरून, पायऱ्यांवरून त्याचे पाय आपटत, खाली येताना दिसले. शेवटच्या पायरीवर दोघंही कोसळले. दिगंबरराव ओकले. किसनचे ओठ लालबुंद दिसत होते. कोळशाच्या गॅसमधला कार्बन मोनॉक्साइड अंगात भिनला की माणूस टवटवीत दिसतो आणि मरतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्याला उघड्यावर ओढून मोकळ्या हवेत आडवं केलं आणि जीपमध्ये घालून नाशकाला हॉस्पिटलात नेलं. वाटेत द्राक्षांच्या क्रेटनी भरलेले ट्रक आमच्यापुढे रांगेत होते. भाऊसाहेब स्वतः जीप चालवत होते आणि हॉर्नवरचा हात काढत नव्हते.

पुन्हा सिन्नर, शुक्रवार

ऑक्सिजन लावून रात्र गेली. किसन वाचला. टँकर सकाळी आला, भट्टीही वाचली.

दुपारी थंड झालेला बेंड कापला. मी मुद्दाम गेले. आतून पिवळट काळी खपली धरली होती आणि पोटाशी पाइप मंगळवारच्या पापडाइतका पातळ झाला होता. एका ठिकाणी भोक पडलेलंच होतं. फोरमननं दुसरीकडे स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तो आरपार गेला. मग भाऊसाहेबांनी पिछाडीच्या भंगारातून पहिला पाइप आणवला. मी फोरमनला म्हटलं, चुंबक लावा. चुंबक खटकन चिकटलं. तो पाइप वळणावर झिजला होता, पण बाकीचा जसाच्या तसा जाड होता आणि आतून त्याला गंधक शिवलेलं नव्हतं.

भाऊसाहेबांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "दिगंबरराव, चुकलो. तुमचाच पाइप बरोबर होता." फोरमनही पुढं येऊन काही पुटपुटला. कुणीतरी चहा आणला आणि पहिला कप दिगंबररावांना दिला. त्यांनी तो हातात धरला आणि तसाच थंड होऊ दिला.

संध्याकाळी आम्ही दोघं किसनला बघायला गेलो. तो उशीला टेकून बसला होता. बायको पेठहून आली होती, पायाशी गुपचूप बसली होती. दिगंबररावांनी द्राक्षांची पिशवी ठेवली आणि उभेच राहिले.

"किसन, तुझं डोकं दुखत होतं तर मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं सायेब. सगळ्यांचीच दुखत्यात." मग तो त्यांना धीर द्यावा तसा हसला. "पन मला भ्या नव्हतं. दुसरे म्हनायचे, त्या बेंडाखाली थांबू नको, तो तापतोय. मी म्हनायचो, आरं, सायेब रोज फाटेचं सोता येऊन त्याला हात लावून जातो, रंग देतो. येवढी निगा दुसऱ्या कशाची नाय करीत. मंग हितल्यासारखी बिनघोर जागा दुसरी कोनती?"

दिगंबररावांनी दोन्ही हात खिशात घातले. किसनची बायको उठली आणि त्यांच्या पाया पडायला वाकली, यांनीच नवऱ्याला वरून आणलं म्हणून. ते इतके झटकन मागे सरले की स्टूल पडलं.

आम्ही तसेच घरी आलो. उषा दारातच उभी होती. भाऊसाहेबांचा फोन तिला आधीच आला होता आणि तिचा चेहरा किती दिवसांनी उजळला होता. तिनं माझे दोन्ही हात धरले. "ताई, गेला ना गं एकदाचा आळ?"

"गेला," मी म्हटलं.

आतल्या मोरीतून रॉकेलचा वास येत होता. दिगंबरराव नखं घासत होते. घासता घासता, आमच्याकडे न बघता, ते म्हणाले, "नाही."